काठावरचे आणि खड्ड्यातले

मामांचा दिवस पहाटे साडेचारला सुरू व्हायचा, कारण नऊला भिंतीवर ऊन यायचं आणि त्याआधी भिंत तयार लागायची. भिंत म्हणजे खड्ड्याची. विद्यापीठाच्या भूगोल विभागात ते खोदकामगार होते. माती थराथराने कशी बदलते ते बघायला प्राध्यापकांना खड्डे लागत. ते मामांनी खणले, एकतीस वर्षं. सगळे त्यांना खड्डेमामाच म्हणत.

खड्डा खणणं म्हणजे भोक पाडणं नव्हे. खोली माणसाच्या खांद्यापर्यंत. ज्या भिंतीवर ऊन पडणार ती ओळंब्यात सरळ. तिच्या काठावर पाय ठेवायचा नाही, साहेबांनीसुद्धा. वरची माती डावीकडे, खालची उजवीकडे, आणि बुजवताना खालची खाली, वरची वर. हे त्यांना कुणी शिकवलं नव्हतं. पहिल्या वर्षी एक खड्डा उलटा बुजवला आणि पुढच्या हंगामात त्या शेतात नेमक्या तेवढ्या चौकोनात काही उगवलं नाही. शेतकऱ्याने बोलावून दाखवलं. तेवढं पुरलं.

माणसं ते दोनच प्रकारची मानत: काठावरची आणि खड्ड्यातली. विभागप्रमुख काठावरचे. छत्रीखाली उभे राहून विचारायचे, मामा, तिसऱ्या थराचा रंग काय म्हणता? उंटावरून शेळ्या. विभागातल्या एक व्याख्यात्या मात्र खाली उतरायच्या. त्यांना सगळे नुसतं बाई म्हणत. ओली माती तळहातावर वळून त्या तिची वात करायच्या. वात न तुटता जेवढी लांब होईल तेवढी माती चिकण. मामाही शेजारी वात वळायचे आणि कुणाची लांब यावरून दोघांची जुंपायची.

एका वर्षी बाईंचा लेख नामांकित मासिकात छापून आला. सोबत नकाशा होता, नदीच्या एका अंगाला सलग रेताड माती दाखवणारा. त्या लेखावर त्यांची बढती ठरल्यासारखीच होती. तीन आठवड्यांनी दुसऱ्याच कामासाठी मामा त्या पट्ट्यात खणत होते, आणि हातभर खाली फावडं चिकटलं. चिकणमाती. नकाशाप्रमाणे ती तिथे असायला नको होती. खड्डा बुजवला असता तर कुणाला पत्ता लागला नसता. मामांनी बाईंना निरोप धाडला.

प्रमुखही आले. एका खड्ड्याने काय होतं, बुजवून टाका, असं काठावरून म्हणाले. बाई खाली उतरल्या, वात वळली. ती वाढतच गेली. वात हातात धरूनच त्यांनी विचारलं, "मामा, अजून सात खणाल?"

सातांपैकी पाचांत चिकणमाती निघाली. बाईंनी छापलेला लेख परत घेतला आणि चूक माझी, असं त्याच मासिकात स्वतःच्या सहीने छापलं. बढती गेली. आपल्याच हाताने पायावर धोंडा पाडून घेतला, असं विभाग पुढे कितीतरी दिवस चघळत होता.

मामांच्या निवृत्तीच्या महिन्यात फलकावर सूचना लागली. भूगोल मंडळाचं क्षेत्रकार्याचं सुवर्णपदक, नावं सुचवायची मुदत अठ्ठावीस तारखेपर्यंत. विभागाने प्रमुखांचं नाव पाठवलं. मामांनी सूचना दोनदा वाचली, अर्ज आणला आणि बाईंचं नाव लिहिलं. त्यांना विचारलं नाही. विचारलं असतं तर त्या नको म्हणाल्या असत्या.

मंडळाच्या कारकुनाने अर्ज चष्म्यावरून वाचला. सुचवणाऱ्याचं पद, खोदकामगार. कामाची माहिती कशी, तर सोबत दोनशे अडतीस खड्डे, बाई प्रत्येकात उतरल्या. कर्तृत्व या रकान्यात पहिलीच ओळ: छापलेला लेख परत घेतला.

हा पदकाचा अर्ज आहे, चौकशीचा नाही, कारकून म्हणाला. ही ओळ पुसा.

"तीच ओळ आहे," मामा म्हणाले. "पुसायचं तर बाकीचं पुसा."

मग कारकुनाने नियम काढला. नाव फक्त सभासदाला सुचवता येतं. सभासद कोण होऊ शकतो, मामांनी विचारलं. भूगोलाच्या कामाशी संबंध असलेली कोणतीही सज्ञान व्यक्ती, त्याने वाचून दाखवलं, आणि वर पुस्ती जोडली की संबंध म्हणजे अभ्यासाचा.

"असं तिथे लिहिलंय?"

तसं लिहिलेलं नव्हतं.

"तुमच्या भूगोलात एकतीस वर्षं गळ्यापर्यंत उभा होतो. अजून किती संबंध हवा?"

कारकुनाने वर्गणीचा कागद पुढे सरकवला. वार्षिक आणि आजीव.

शेवटच्या पगारातून घराला नवं दार बसवायचं ठरलं होतं. जुनं पावसाळ्यात फुगायचं आणि उघडायला लाथ घालावी लागायची. बायको शिवणकाम करायची. मशिनवरचा पाय न थांबवता तिने वर्गणीचं ऐकलं. "आयुष्यभर खड्डे खणलेत," ती म्हणाली, "आता पगारही त्यातच घाला."

थोड्या वेळाने तिने विचारलं, त्या बाईंनी केलं तरी काय एवढं? मामांनी लेखाची गोष्ट सांगितली. मशिन थांबलं. एकदा गिऱ्हाइकाने घरी नेलेला कोट तिने मागे जाऊन परत आणला होता, आतली शिवण मनासारखी नव्हती म्हणून. आणि सबंध उसवला होता.

"वर्षाची की कायमची?" तिने विचारलं.

"वर्षाची पुरे."

"कायमची घ्या. पहिल्या खेपेला द्यायचे नाहीत ते."

सत्तावीस तारखेला अर्जावर शिक्का पडला, पहिल्या ओळीसकट. त्या वर्षी पदक बाईंना मिळालं नाही. पुढच्या वर्षीही नाही. मामा दरवर्षी तोच अर्ज नेतात, तीच ओळ सगळ्यांत वर. यंदाचा चौथा. त्यांना जिन्यात पाहिलं की कारकून आता आपणहून शिक्का बाहेर काढून ठेवतो.

दार अजून फुगतं. लाथ घालून आत गेलं की समोरच खिळ्याला शेवटच्या पगाराची वस्तू टांगलेली दिसते. भूगोल मंडळ, आजीव सभासद. व्यवसाय: खोदकामगार.