काटकोन

आमच्या वाशीच्या सोसायटीत तेव्हा पाणी सोडायला येणारा माणूस शेजारच्या गावातलाच होता. पंप चालू केला की टाकी भरेपर्यंत तो पायरीवर बसून फळांच्या पेटीच्या लाकडातून बोटभर माणसं कोरायचा. त्यांना नाक-डोळे नसत. कोरून झालं की गरम चहावर घालावी तशी त्यावर फुंकर घालायचा.

एकदा मी ऑफिसला निघालो, तर त्याने एक बाहुली माझ्या हातावर ठेवली. "सायब, वलखा. कोन हाय यो?"

मी तळोज्याच्या कारखान्यात नकाशे काढणारा. कमरेत वाकलेली ती बाहुली डोळे बारीक करून निरखली आणि ऐटीत म्हणालो, "काटकोन! अगदी नव्वद अंश."

त्याचा चेहरा पडला. "बरा," म्हणत तो पंपाकडे वळला. बाहुली माझ्याच हातात राहिली.

संध्याकाळी बायकोला हे सांगितलं, तर ती बाहुली बघून हसतच सुटली. "अहो, हे तुम्ही! रोज त्या बंद स्कूटरपुढे असेच तर वाकता. त्यानं 'कोण' विचारलं हो! त्यांच्या बोलण्यात ण नसतो."

सकाळी धावतच खाली गेलो. "अहो, हा तर मी!"

"नाय सायब," नवं लाकूड तासत तो म्हणाला, "काटकोन हाय. तुमीच बोललात."

तेव्हापासून तो मला 'काटकोन सायब' अशीच हाक मारायचा. रागानं की लाडानं, ते मला कधीच कळलं नाही. मी आपला स्कूटरपाशी वाकल्या वाकल्या 'ओ' द्यायचो.