सरकी, रुई आणि कापूस

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार आहेत ते सिंदीच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढणाऱ्या कारखान्यात, कापूस पारखणाऱ्या काकांचे. मूठभर कापूस उचलून ते आधी ओल हुंगायचे, मग धागा दोन अंगठ्यांत ताणून बघायचे.

त्या दिवशी वडिलांसोबत आमच्या कापसाची गाडी घेऊन गेलो होतो. दुसऱ्या दिवशी माझी एम.ए.ची तोंडी परीक्षा होती. वस्तू म्हणजे फक्त तिचे घटक का, हा तत्त्वज्ञानातला प्रश्न उमगत नव्हता. त्यावरच नापास होईन, अशी भीती होती. शेवटी काकांनाच विचारलं, "काका, कापूस म्हंजे सरकी आन् रुईच ना? अजून काय राह्यते?"

त्यांनी यंत्रापुढच्या दोन ढिगांकडे बोट केलं. "हे रुई, हे सरकी. काईच कमी नाई. आता यात मले कापूस दाखव बरं, मास्तर!"

परीक्षेत मी हेच सांगितलं. मग जिनिंगच्या पत्त्यावर पत्र टाकलं: "काका, पास झालो. घरात कॉलेज शिकलेला मी पहिलाच. हे उत्तर कुणी शिकवलं, असं सरांनी विचारलं, तेव्हा तुमचं नावच सांगता आलं नाही. तेवढं कळवा."