अर्धी बसलेली पिन

मी सगळ्यात जास्त ऋणी आहे तो माझ्या दाजींचा, थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचा. आमच्या वस्तीवर सातवीच्या पुढे शाळा नव्हती. दाजींनी मला धारूरजवळच्या आपल्या घरी नेऊन ठेवलं, म्हणून मी आमच्या घरातला पहिला पदवीधर झालो. दिवसभर शेरडं राखणारा हा माणूस गुरुवारच्या भजनात गायला लागला की घाटाखालची माणसंसुद्धा ऐकायला येत. ऐकण्याचाही त्यांना शौक. दोन बोकड विकून त्यांनी ॲम्प्लिफायर आणि दोन मोठे स्पीकर घेतले होते.

गेल्या वर्षी त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, आवाज गेला. आता ते नुसत्या श्वासावर कुजबुजल्यासारखं बोलतात.

"भजनाला जायनात बघ," अक्कानं फोनवर सांगितलं. "टाळ तरी वाजवा म्हणलं, तर उठून शेरडाकडं जात्यात."

माझ्याकडे त्यांच्या एका जुन्या भजनाचं रेकॉर्डिंग होतं. ते लॅपटॉपवर घेऊन मी दाजींच्या गावी गेलो. लॅपटॉपच्या स्वतःच्या स्पीकरवर पखवाज डबा बडवल्यासारखा वाजे, म्हणून तो ॲम्प्लिफायरला जोडायचं ठरवलं. तांबडी आणि पांढरी अशा दोन पिना ॲम्प्लिफायरच्या मागे घातल्या, वायरीच्या दुसऱ्या टोकाची बारीक पिन लॅपटॉपच्या हेडफोनच्या भोकात. शेजारचे पखवाजवाले काका, दाजींचे जुने जोडीदार, मुद्दाम येऊन बसले होते.

पेटी सुरू झाली. पखवाज काय घुमला! पण दाजींचा आवाज आलाच नाही.

"आवाज खाल्ला का बे तुझ्या मशिनीनं?" काका म्हणाले.

कुणीच हसलं नाही. अक्का चहाचं निमित्त करून आत गेली. मला कुठं तोंड लपवावं कळेना. ज्याचा आवाज गेला, त्यालाच मी त्याचं भजन त्याच्या आवाजाविना ऐकवत होतो. दाजी मात्र मांडीवर ताल धरून ओठ हलवत होते.

लॅपटॉप नवा असल्यापासून मी त्याला जपायला जाड प्लास्टिकचं कव्हर घातलं होतं. त्याची कड आडवी येऊन पिन अर्धीच बसली होती. पिन अशी अर्धवट राहिली की डाव्या-उजव्या दोन्ही स्पीकरांना सारखा जाणारा आवाज पुसला जातो. रेकॉर्डिंगमध्ये पेटी आणि पखवाज कडेला होते, दाजी मधोमध, म्हणून नेमका त्यांचाच आवाज गेला. मी कव्हर काढलं आणि पिन आत दाबली.

दाजी गायला लागले. अक्का दारात येऊन उभी राहिली.

दाजींनी कडव्यापर्यंत ऐकलं आणि कपाळाला आठी घातली. "लई घाई केलीया हितं," ते कुजबुजले. मग मला खूण केली, "पिन भाईर काढ. मगासारकी."

मी पिन अर्धी ओढली, नुसती पेटी आणि पखवाज उरले. त्यांनी काकांना कोपरानं ढोसलं. "म्हण."

"मी? रेड्याचा गळा हाय माजा!"

"म्हण की बे!"

काका गायला लागले. कुठं चढायचं, कुठं थांबायचं ते दाजी हातानं दाखवत होते, आणि चुकलं की काकांच्या गुडघ्यावर चापट मारत होते.

"ऑपरेशन ह्याचं झालंय, अन् मार मी खातोय," काका अक्काला म्हणाले. अक्का पदर तोंडाला लावून हसली.

लॅपटॉप मी तिथंच ठेवला. दाजींना फोनवर बोलता येत नाही, म्हणून परत आल्यावर पत्र लिहिलं:

ती. दाजी,

नमस्कार. लॅपटॉप परत द्यायची घाई करू नका, मला ऑफिसातला आहे. त्याचा आवाज जवळजवळ पूर्ण ठेवा आणि कमी-जास्त ॲम्प्लिफायरवर करा, म्हणजे खरखर येणार नाही. पिन हलवायच्या आधी ॲम्प्लिफायरचा आवाज उतरवत जा. काकांचा फोन आला होता. तुझा दाजी एका ओळीवर अडवून ठेवतो, पुढं जाऊ देत नाही, अशी तक्रार करत होते. पण गुरुवारी तुम्हाला घेतल्याशिवाय देवळात पाय ठेवणार नाही, असंही म्हणाले. तुम्ही माझ्यासाठी केलंत ते माझ्याकडून फिटणार नाही, आणि त्यासाठी मी हे लिहीत नाही. एवढंच मागतो, गुरुवारी जा. काकांच्या शेजारी बसा आणि हातानं दाखवा. ते एकटे गायला घाबरतात.

तुमचा,
धाकटा