शेपूटकाकांचं भटकं खोकं

शब्दांची मुळं शोधणाऱ्या कोशाच्या कचेरीत त्यांना सगळे शेपूटकाका म्हणत. कामच तसं होतं. बाकीची मंडळी शब्दांची तोंडं बघून कार्डं लावायची, हे शेपट्या बघून. 'बालपण', 'मोठेपण' ही त्यांच्या लेखी सख्खी भावंडं, कारण दोघांच्या मागे 'पण'. नुसतं शेपूटच लिहिलेलं कार्ड सापडलं की नवशिके ते चूक समजून 'भटके' नावाच्या खोक्यात फेकत. काका ते खोकं जिवापाड जपत.

शेपट्यांवर एवढा जीव, पण स्वतः कुणाचं शेपूट व्हायचं म्हटलं की कपाळाला आठी! काकू गेल्या, डोळे अधू झाले, एकदा दूध गॅसवर विसरलं आणि स्वयंपाकघर काळंठिक्कर झालं. लेक म्हणाली, "बाबा, माझ्याकडे राहायला चला." काका म्हणाले, "मी माझ्या पायांवर उभा आहे. आडवा झालो की बघू." झालं, विषय संपला.

अक्षरं दिसेनाशी झाली, तेव्हा लेकच दर रविवारी येऊन त्यांना कार्डं वाचून दाखवू लागली. कोशासाठी त्यांच्याकडे एकच नोंद उरली होती. इंग्रजीतल्या 'चाइल्डहुड'चा 'हुड', जर्मनमधला 'हाइट', या दोघांच्या मुळाशी असलेलं शेपूट. इंग्रजी, जर्मन वगैरे भाषा जिच्यापासून झाल्या त्या आईभाषेचं एक अक्षरही कुणी लिहून ठेवलेलं नाही. लेकींचे चेहरे बघून आईचा चेहरा ओळखायचा, असला हा उद्योग.

कार्डं संपली तशी लेकीने भटकं खोकं उघडलं. "बाबा, यावर नुसतंच 'हाइदुस'. गॉथिक. पुढे शब्दच नाही."

"अगं, तेच तर!" काका खुर्चीत ताठ बसले. "गॉथिक म्हणजे जर्मनच्या कुळातली फार जुनी, मेलेली भाषा. हे तेव्हा शेपूट नव्हतं. अख्खा शब्द होता. रीत, तऱ्हा, माणसाचं असणं! कुणाच्या आधाराशिवाय एकटा चालायचा. आणि आपल्या धूमकेतूतला 'केतू' याच्याच कुळातला, असं जाणकार मानतात. केतू म्हणजे तेज. कुठून कुठे आलाय बघ! ज्यांनी तो पहिल्यांदा उच्चारला, त्यांची हाडंसुद्धा उरली नाहीत, आणि शब्द चालतोच आहे."

त्यांच्या अंगावर काटा आला होता. लेकीच्याही आला. हातातलं कार्ड तिने हलकेच टेबलावर ठेवलं, जणू ते गरम होतं.

"मग तो एकटा चालणारा आता कुठे आहे?" तिने सहज विचारलं.

काका उत्तर द्यायला गेले आणि थांबले. शब्दांच्या बाबतीत खोटं बोलणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं.

"गेला," ते म्हणाले. "इंग्रजीत त्याला एकटा कुणी ओळखत नाही. पण कधीतरी तो 'हुड' होऊन 'चाइल्ड'च्या मागे जाऊन उभा राहिला, 'मदर'च्या मागे उभा राहिला. तिथे मात्र तो आहे. रोज कोट्यवधी माणसं त्याला तोंडात घेऊन हिंडतात. त्याच्यावाचून त्यांना आपलं लहानपणसुद्धा सांगता येत नाही."

लेकीने कार्डं गोळा केली, खोक्याला झाकण लावलं. काका खिडकीकडे बघत राहिले. त्यांना आता खिडकीचा नुसता उजेडच दिसे.

"तुझ्या घरातल्या त्या मागच्या खोलीत," ते म्हणाले, "कार्डांचं कपाट मावेल का गं?"

"मावतं, बाबा," लेक म्हणाली. "मापं मी केव्हाच घेतलीत."