सालाम्पासूंच्या फळीवरचा पांढरा रंग

दोन हजार पाचच्या हिवाळ्यात मी बर्मिंगहॅममधल्या एका संग्रहालयाच्या गोदामात काम करत होते. काँगोच्या सालाम्पासू लोकांच्या रंगवलेल्या लाकडी फळ्या तिथे आल्या होत्या. ते लोक आपल्या विधींच्या जागी त्या उभ्या करत. फळ्यांवर तांबडे, काळे, पांढरे त्रिकोण होते. मला फक्त फोटो काढून नोंदी टाइप करायच्या होत्या.

पहिली फळी उचलताच माझ्या ग्लोव्ह्जना पांढरी भुकटी लागली. पुण्यात आई कुंड्यांना गेरू लावायची, तो पाण्याने धुऊन जायचा. हाही तसाच मातीचा रंग होता. समोर आमच्या सीनियर बाई कापूस पाण्यात बुडवत होत्या. तैलचित्रांवरचा मळ त्या असाच काढायच्या.

‘पाणी नको’ एवढंच सांगायचं होतं. बालवाडीपासून इंग्लिश मीडियममध्ये शिकलेली मी, तरी ते वाक्य मनात चार वेळा जुळवत बसले. शेवटी म्हटलं, “एक्स्क्यूज मी...”

“हो बॅब, ठेव ना चहा,” त्या वर न बघता म्हणाल्या. तिकडे सगळ्यांनाच बॅब म्हणतात.

मी चहा ठेवायला गेले. परतले तेव्हा वाटीतलं पाणी दुधाळ झालं होतं आणि फळीवर पांढऱ्या त्रिकोणांच्या वरच्या ओळीत नुसतं लाकूड उरलं होतं.

“बघ, किती मळ होता!” त्या खूश होत्या.

त्यांनी सांगितलं तसं मी नोंदीत टाइप केलं: पृष्ठभागावरची धूळ काढली. मग दुसऱ्या फळीसाठी त्यांनी स्वच्छ पाणी मागितलं. मी आणून दिलं.