टाकल्याटाकल्या बोलणारी सीडी

आत्याला दिसत नाही, पण तिच्यासमोर थाप मारायची घरात कुणाची टाप नाही. मुलाखतींची रेकॉर्डिंगं ऐकून टाइप करून द्यायची, हे तिचं काम. एका कानात माणसं, दुसऱ्या कानात स्क्रीन वाचून दाखवणारा आवाज. कॉम्प्युटर मात्र म्हातारा झालेला, दोन ओळी टाइप केल्या की धापा टाकायचा. आत्याने ठरवलं, आता लिनक्स घालायचं, जुन्या कॉम्प्युटरवरही पळणारी फुकटची सिस्टिम.

लिनक्सचे प्रकार पैशाला पासरी. भाची कॉलेजातून एक सीडी घेऊन धावतच आली. "आत्या, दिसायला कसली भारी आहे ही."

"मला काय तिचं लग्न लावायचंय? बोलते का?"

सीडी टाकली. पंखा घरघरला, बाकी मिठाची गुळणी.

"अगं, आधी इन्स्टॉल होऊ दे, मग बोलेल. तोवर स्क्रीन मी वाचते ना."

"आणि पुढच्या वेळी बिघडला की? तू सहलीला गेलेली आणि मी इथे हातावर हात ठेवून बसू? माझं मला घालता आलं पाहिजे."

भाचीचं तोंड एवढंसं झालं. तिला खरंच मदत करायची होती हो.

आत्याने फोन लावायला घेतले. सगळ्यांना एकच प्रश्न, "टाकल्याटाकल्या बोलते का?" बहुतेकांनी रंग नि चित्रंच सांगितली. शेवटी तिच्यासारखाच न दिसणारा एक मित्र म्हणाला, "लिनक्समधलं डेबियन घे. पीप वाजेल. मग एस दाब, एंटर दाब आणि गप्प थांब."

संध्याकाळी नवी सीडी आत गेली. पीप. एस. एंटर. भाची पुढे सरकली. आणि स्पीकरमधून सर्दी झाल्यासारखा आवाज बोलायला लागला.

आत्या एकेक प्रश्न ऐकत, आकडे दाबत पुढे निघाली. भाचीचा हात दोनदा कीबोर्डकडे गेला, दोन्ही वेळा चापट बसली. जुनं सगळं पुसू का, असं आवाजाने विचारलं. काम पेन ड्राइव्हवर काढलेलंच होतं. आत्याने बिनधास्त हो केलं. जेवायच्या आधी कॉम्प्युटर सुरू झाला, तो बोलतच.

दुसऱ्या दिवशी भाची घरी आली तर पुन्हा तोच सर्दीवाला, पुन्हा तेच प्रश्न.

"आत्या, कालच तर झालं होतं सगळं. बिघडलं?"

"छे. मीच पुसलं, परत घालतेय."

"का पण?"

"काल तू घरात होतीस."