चूक कुणाची

सुरुची मूळची चिपळूणची. एकोणीस वर्षं ती सौदीतल्या हफ्र अल बातिनच्या इस्पितळात अपघात विभागात नर्स होती. खवळलेल्या नातेवाइकांशी हुज्जत घालता घालता अरबी तिच्या जिभेवर बसली होती. बायकांना गाडी चालवायची परवानगी मिळाली, त्याच्या पुढच्याच वर्षी तिनं लायसन्स काढलं. पण नवरा, हरीश, स्टिअरिंग सोडेल तर ना! यंदा ईदच्या सुट्टीत दोघं जेद्दाला आले तेव्हा त्याचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता, म्हणून भाड्याची गाडी तिच्याकडे आली.

विमानतळापासूनच त्याचं सुरू झालं. "लेन बदल. आता नको! आरशात बघत जा जरा." मागून हॉर्नचा मारा, दोन्ही बाजूंनी कट मारत जाणाऱ्या गाड्या. एकानं तर काच खाली करून तिला शिव्या हासडल्या.

बलद या जुन्या भागातल्या बाजारात गल्ली चिंचोळी होत गेली. पुढे एक पिकअप अडकली होती, म्हणून सुरुचीनं गाडी थांबवली. तेवढ्यात पिकअप मागे येऊ लागली. तिनं हॉर्न दाबून धरला, तरी ती येऊन बंपरवर धाडकन आदळलीच.

पिकअपवाला उतरला आणि तिच्याकडे ढुंकूनही न बघता हरीशच्या खिडकीशी गेला. "बाईला येत नाही, तर गाडी देतोस कशाला?"

हरीश कसनुसं हसला. मोडक्या अरबीत म्हणाला, "माफ कर, भाई. नवी आहे. तिचीच चूक."

सुरुचीच्या डोक्यात तिडीक गेली. ती खाली उतरली. "चूक कुणाची ते विम्याचा माणूस ठरवेल," ती अरबीत कडाडली. "तोवर गाडी हलवायची नाही."

"खलास, यल्ला! पुरे झालं, चला, रस्ता मोकळा करा!" दुकानदार ओरडायला लागले. पिकअपवाला अंगावर आल्यासारखा पुढे झाला. तिनं फोटो काढले, फोन लावला आणि चाळीस मिनिटं भर उन्हात पिकअपसमोर उभी राहिली. हरीश एसीत बसून होता.

विम्याचा माणूस आला. अत्तराच्या दुकानावरच्या कॅमेऱ्यात सगळं दिसत होतं. "पूर्ण चूक तुझी," त्यानं पिकअपवाल्याला सांगितलं. पिकअपवाला रस्त्यावर थुंकला आणि निघून गेला.

गाडीत बसल्यावर हरीश म्हणाला, "तरी जरा अंतर ठेवायला हवं होतंस. उगाच तमाशा."

"माझी गाडी उभी होती. तू बघत होतास. तरी त्याच्यापुढे मला खोटं पाडलंस."

"मिटवत होतो मी."

हॉटेलच्या दाराशी तिनं ब्रेक लावला.

"उतर."

"आणि तू?"

"समुद्रावर. एकटी."

ती शब्द मागे घेईल म्हणून तो थांबला. मग डाव्या हातानं दार आपटून निघून गेला. सुरुचीनं इंडिकेटर दिला. कुणी जागा देईना. तिनं गाडीचं तोंड पुढे घातलं आणि घुसली.